‘मसाया’ : चमत्काराच्या उंबरठ्यावर थांबणारी मालिका

नेटफ्लिक्सवर १ जानेवारी २०२० रोजी आलेली ‘मसाया’ (म्हणजे मसीहा, तारणहार) ही दहा भागांची मालिका मी त्या वर्षी अर्ध्यावर सोडली होती. मालिका वाईट होती म्हणून नव्हे. तिच्यातली एक आई आपल्या कर्करोगग्रस्त मुलीचे उपचार थांबवून तिला एका अनोळखी माणसाच्या दर्शनाला घेऊन निघते, तिथून पुढे मला पाहवले नाही, कारण आमच्या घरी तसेच काहीसे नुकतेच घडून गेले होते. यंदाच्या मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडण्याची सोय नसताना, पडदे ओढून आणि कूलर लावून मी ती पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केली आणि या वेळी शेवटपर्यंत पाहिली. श्रद्धेबद्दल इतक्या गांभीर्याने आणि इतक्या कमी आरडाओरड्याने बोलणारी मालिका गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली नाही. तिच्यात दोषही आहेत आणि त्यातला एक मोठा आहे.

कथा दमास्कसमध्ये सुरू होते. इस्लामिक स्टेटच्या फौजा शहराच्या वेशीवर येऊन ठेपल्या आहेत आणि लांब केसांचा, साध्या वेशातला एक तरुण रस्त्यावर उभा राहून लोकांना सांगतो आहे की, घाबरू नका, देव तुम्हाला सोडणार नाही. तेवढ्यात वाळूचे प्रचंड वादळ उठते, बरेच दिवस थांबत नाही, आणि ते शमते तेव्हा शहराला पडलेला वेढा उठलेला असतो. लोक त्याला ‘अल-मसीह’ म्हणू लागतात. सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी निर्वासित त्याच्यामागे वाळवंट तुडवत इस्रायलच्या सीमेपर्यंत चालत जातात. तिथे त्याला अटक होते, तो कोठडीतून नाहीसा होतो, आणि काही दिवसांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या डिली नावाच्या एका लहानशा गावात, ऐन चक्रीवादळात प्रकट होतो. अमेरिकी गुप्तहेर संघटनेची अधिकारी ईव्हा गेलर आणि इस्रायली सुरक्षा यंत्रणेचा अधिकारी अविराम दहान हे दोघे आपापल्या कारणांसाठी त्याच्या मागावर आहेत. मायकेल पेट्रोनी यांनी निर्मिलेल्या या मालिकेचे दिग्दर्शन जेम्स मॅकटिग आणि केट वुड्स यांनी केले आहे.

कथेसाठी दमास्कसची निवड विचारपूर्वक झालेली आहे. ‘मसीह’, ‘मशिआख’ आणि ‘ख्रिस्त’ या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, ‘अभिषेक झालेला’. यहुदी तो अजून यायचा आहे असे मानतात, ख्रिस्ती तो येऊन गेला आणि पुन्हा येईल असे मानतात, आणि इस्लामी परंपरेत हजरत ईसा, म्हणजे येशू, दमास्कसच्या पूर्वेकडील पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील असे सांगितले आहे. त्याच परंपरेत त्यांच्या आधी येणाऱ्या खोट्या मसीहाचे, दज्जालचेही वर्णन आहे, आणि त्याचेही संबोधन ‘अल-मसीह’ असेच सुरू होते. मालिकेची पहिली झलक प्रसिद्ध झाली तेव्हा अनेक मुस्लिम प्रेक्षकांनी हे लगेच ओळखले, नायक मसीहा आहे की दज्जाल यावर समाजमाध्यमांवर वाद झाला, आणि ज्या जॉर्डनमध्ये मालिकेचे काही चित्रीकरण झाले, तिथल्याच शाही चित्रपट आयोगाने ती आपल्या देशात दाखवू नये अशी विनंती नेटफ्लिक्सला केली. म्हणजे प्रदर्शनाआधीच मालिकेभोवती तेच घडले जे मालिकेच्या आत घडते. माणूस पुरता दिसण्याआधीच प्रत्येकाने त्याच्याविषयीचा निकाल मनात ठरवून टाकला.

मालिकेची सर्वात मोठी ताकद म्हणजे तिचा धीर. इथे प्रत्येक चमत्काराला एक साधे स्पष्टीकरण चिकटलेले आहे आणि ते कुठेही खोडून काढलेले नाही. वाळूची वादळे त्या प्रदेशाला नवी नाहीत. कोठडीचे दार माणसांनाही उघडता येते. जेरुसलेममध्ये टेम्पल माउंट या यहुदी आणि मुस्लिम दोघांच्याही पवित्र जागी गोळी लागलेला मुलगा उठून बसतो, पण आपण ते गर्दीच्या खांद्यांवरून आणि मोबाइलच्या हलत्या चित्रांतून पाहतो, त्यामुळे गोळी नेमकी लागली कुठे हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. चक्रीवादळ एक घर उचलून नेते आणि शेजारचे शाबूत ठेवते, हेही जगात घडतच असते. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोरच्या तलावाच्या पाण्यावरून अल-मसीह हजारो लोकांच्या देखत चालत जातो, आणि हा तलाव माणसाच्या कमरेइतकाही खोल नाही. मालिका या गोष्टी समोर ठेवते आणि बाजूला होते. ज्याला विश्वास ठेवायचा आहे त्याच्यासाठी वाट मोकळी आहे, ज्याला शंका घ्यायची आहे त्याच्यासाठीही आहे, आणि दोघांपैकी कोणालाही मूर्ख ठरवलेले नाही. चमत्कारांवरच्या कथेत हा तोल राखणे किती कठीण असते, हे आपल्याकडच्या पौराणिक मालिकांमधला आकाशातून येणारा प्रकाशझोत ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको.

दोन प्रसंगांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिला, अविराम अल-मसीहची चौकशी करतो तो. एक खोली, एक मेज आणि दोन माणसे. अविराम कसलेला अधिकारी आहे, समोरच्याला बोलते करणे हा त्याचा रोजचा उद्योग आहे, आणि तरीही काही मिनिटांत प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांची अदलाबदल होते. समोरचा माणूस आवाज न चढवता त्याच्या आयुष्यातली अशी एक गोष्ट काढतो जी अविरामने कोणालाही सांगितलेली नाही. तोमेर सिसले या अभिनेत्याने त्या क्षणी चेहऱ्याच्या फक्त खालच्या भागाने जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. जबडा घट्ट होतो, ओठ किंचित उघडतात आणि पुन्हा मिटतात, आणि मग संताप येतो, जो उघडपणे भीतीचा आहे. त्या माणसाला ते कसे कळले? हेरगिरीने की आणखी कशाने? मालिका सांगत नाही, आणि अविराम पुढचे सगळे भाग या एका प्रश्नाच्या मागे फरफटत जातो.

दुसरा प्रसंग डिली गावातला. वादळानंतरच्या ढिगाऱ्यात एक कुत्रा जबर जखमी होऊन पडला आहे आणि त्याचा मालक अल-मसीहकडे धावतो. भोवती जमलेल्या सगळ्यांना, आणि खरे तर पडद्याच्या अलीकडे बसलेल्या आपल्यालाही, आता तो हात ठेवील आणि कुत्रा उठेल असेच वाटत असते. तो बंदूक घेतो आणि कुत्र्याला गोळी घालतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेतले हे सर्वात प्रामाणिक दृश्य आहे. कुत्र्याच्या वेदना संपवणारी ती कृती दयेची होती की क्रूरपणाची, हा प्रश्न तर उरतोच, पण त्याहून अधिक उरते ती आपली निराशा. आपण चमत्कार मागत होतो हे आपल्याला तो नाकारला गेल्यावर कळते.

याच गावातला पाद्री फेलिक्स इगुएरो हे पात्र मला फार जवळचे वाटले. कर्जबाजारी झालेला, भक्त कमी होत गेलेला हा माणूस आपल्याच प्रार्थनामंदिरात पेट्रोल ओतून ते जाळून टाकायला निघालेला असतो, त्याच घटकेला वादळ येते आणि आजूबाजूचे सगळे उद्ध्वस्त होऊन त्याचे ते मंदिर तेवढे उभे राहते. यापुढे फेलिक्सने त्या माणसावर विश्वास ठेवला याचे नवल काय? पण श्रद्धेत त्याची गरज मिसळलेली आहे, आणि गरजेत थोडी महत्त्वाकांक्षा. तो अल-मसीहचा यजमान होतो, मग प्रवक्ता होतो, आणि कधी व्यवस्थापक होतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. जॉन ऑर्टिझ यांनी हा घसरणीचा प्रवास एकाही ठिकाणी त्याला ढोंगी न ठरवता केला आहे. दूरचित्रवाणीवरून प्रवचने देणारा त्याचा सासरा ब्यू ब्रिजेस यांनी रंगवला आहे. या दोघांच्या भेटींतून श्रद्धेच्या बाजारातली मोठी दुकाने आणि लहान दुकाने यांच्यातले नाते न सांगता समजते.

आता त्या आईविषयी, जिच्यामुळे मी मालिका सोडली होती. माझ्या आत्याला मधुमेह आहे. इतवारीत राहणाऱ्या या बाईने आयुष्यभर कोणाच्या नादी लागल्याचे मला आठवत नाही. तरीही त्या वर्षाच्या सुरुवातीला ती कोणाच्या तरी सांगण्यावरून एका महाराजांकडे गेली, त्यांनी तिला भस्माच्या पुड्या दिल्या आणि इन्सुलिन बंद करायला सांगितले. तीन आठवडे तिने आम्हाला काही कळू दिले नाही. इन्सुलिनच्या कुप्या फ्रिजच्या दारात होत्या तशाच, ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी कागदाच्या त्या लहान पुड्या रबर लावून ठेवलेल्या होत्या. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा घरच्यांना समजले आणि तो काढावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला रागाने विचारले, आत्या, तू शिकलेली बाई, कशी गेलीस त्याच्याकडे? ती म्हणाली, “पोरी, त्यानं मले विचारलं न, रात्री झोप लागते का म्हणून. डॉक्टर विचारते का वं कधी?”

मालिका पुन्हा पाहताना हे वाक्य माझ्या मनातून हलले नाही, कारण मालिकेतल्या माणसांनाही नेमके तेच हवे आहे. अल-मसीहजवळ येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला येतो, पण तो थांबतो ते त्याच्याकडे कोणीतरी रोखून, शांतपणे पाहिले म्हणून. मेहदी देहबी या बेल्जियन अभिनेत्याची निवड याच कारणासाठी अचूक आहे. तो फार कमी बोलतो, पापण्या फार कमी हलवतो, आणि समोरचा बोलत असताना पूर्णपणे त्याचाच होऊन ऐकतो. असे ऐकले जाणे दुर्मीळ आहे, आणि त्याच्या बदल्यात माणूस काय काय देऊन टाकतो हे त्या आईच्या कथेत दिसते. तिला दुष्ट किंवा अडाणी दाखवण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही, याबद्दल मी लेखकांची ऋणी आहे. मात्र हे कथानक उपकथानकांच्या गर्दीत दाबले गेले आहे आणि त्याला आणखी वेळ मिळायला हवा होता, हेही नोंदवले पाहिजे.

मालिकेचा मधला भाग ईव्हाच्या तपासाने व्यापला आहे. हळूहळू तिच्या हाती एक नाव लागते, पायाम गोलशिरी. इराणमधले बालपण, हातचलाखीचे खेळ करणारा काका, मानसिक आजाराचा इतिहास. ईव्हाला वाटते की हा कागद जगासमोर ठेवला की विषय संपेल. मिशेल मोनाहन यांनी ही कोरडी, थकलेली, स्वतःचे दुःख कामाखाली गाडून टाकलेली बाई उत्तम उभी केली आहे, पण ईव्हाच्या या गृहीतकाची मालिकेने पुरेशी तपासणी केली नाही असे मला वाटते. सतराव्या शतकात शब्बताई झ्वी या यहुदी धर्मगुरूला १६६५ साली मसीहा म्हणून घोषित करण्यात आले, त्याच्या नावाने अनेक देशांतले यहुदी पवित्र भूमीकडे जाण्यासाठी आवराआवर करू लागले, आणि पुढच्याच वर्षी तुर्कस्तानच्या सुलतानासमोर उभा केल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला. एवढे घडूनही त्याच्यावरची श्रद्धा टिकवून धरणारे अनुयायी उरलेच. पूर्वायुष्याचा कागद श्रद्धेला इतक्या सहज मारू शकत नाही.

हे समजायला नागपूरकरांना तुर्कस्तानापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नागपूरचे सुफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांना सरकारने १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, आणि लोक दर्शनासाठी तिथेही जातच होते. पुढे राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून सोडवून आपल्याकडे आणले. आज ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यावर, उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही चादर घेऊन जातात, त्यांच्यापैकी कोणालाही तो इस्पितळाचा इतिहास लपवावासा वाटत नाही, उलट तो बाबांच्या चरित्राचाच भाग म्हणून सांगितला जातो. ईव्हाच्या फाइलमधल्या मानसोपचाराच्या नोंदीने दचकणारे मालिकेतले अमेरिकी अधिकारी पाहताना मला सतत ताजबाग आठवत होती. वेड आणि साक्षात्कार यांच्यामधली रेषा आपल्याकडच्या सामान्य माणसाने कधीच इतकी ठळक ओढलेली नाही. यात शहाणपण आहे आणि धोकाही आहे, आणि मालिकेने या बाजूला वळून पाहिले असते तर ती अधिक खोल झाली असती.

दुसरी उणीव गर्दीची. टेक्सासपासून वॉशिंग्टनपर्यंत शेकडो गाड्यांचा ताफा अल-मसीहच्या मागे जातो, आणि आपल्याला ही माणसे केवळ दुरून, फलक आणि मोबाइल घेऊन उभी असलेली दिसतात. ती खातात काय, झोपतात कुठे, आपसांत काय बोलतात, एकमेकांसाठी काय करतात, हे जवळजवळ कुठेच नाही. मी दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, आणि आजही दर विजयादशमीला लाखो माणसे येतात. रस्त्याच्या कडेला अन्नदानाचे आणि पाण्याचे मंडप लागतात, वयस्क बाया डोक्यावर गाठोडे घेऊन रांगेत शांत उभ्या असतात, आणि परत जाताना असंख्य हातांत पुस्तकांच्या पिशव्या असतात. तिथे आलेल्या माणसाला बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे ठाऊक असते. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास स्पष्ट नकार आहे. वाचवणाऱ्याची वाट पाहणारा जमाव आणि स्वतः चालायला निघालेला समाज यांत किती अंतर असते, हे ज्याने असे पाहिले आहे त्याला मालिकेतली गर्दी अपुरी वाटल्यावाचून राहत नाही. अल-मसीह आपल्या अनुयायांना काय करा हे कधीच सांगत नाही, ही लेखकांची जाणीवपूर्वक योजना असेल. पण त्यांनी स्वतःहून काही केले का, हे दाखवायला तर कोणाची आडकाठी नव्हती.

पॅलेस्टिनी बाजूचे कथानक या बाबतीत सरस आहे. जिब्रिल आणि समीर हे दोन मित्र एकाच माणसामागे वाळवंट ओलांडतात, आणि तो निघून गेल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. सीमेवरच्या छावणीतली तहान, कंटाळा, अफवा आणि एकेका निरोपाची वाट पाहणे हे सर्व फार जवळून टिपले आहे. अरबी आणि हिब्रू संवाद मूळ भाषेतच ठेवले आहेत, ही फार मोठी जमेची बाजू आहे. उपशीर्षके वाचण्याचा थोडा त्रास घ्यावा, पण मूळ आवाज बंद करू नये, अशी माझी पाहणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे. हिंसेचे काही प्रसंग तीव्र आहेत, त्यामुळे लहान मुलांसोबत पाहण्याजोगी ही मालिका नाही.

ज्यांना शेवट आधी कळू द्यायचा नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. नऊ भाग जपलेला धीर शेवटच्या भागात सुटतो. अल-मसीह आणि अविराम ज्या विमानात आहेत ते कोसळते, आणि अविराम शुद्धीवर येतो तेव्हा अल-मसीह त्याचा हात धरून जवळ बसलेला असतो. एक मेंढपाळ मुलगा सांगतो की, तू मेला होतास, याने तुला उठवले. मुलाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही हे मला मान्य आहे, मालिकेने त्याच्या खोडकरपणाची सूचना आधी पेरून ठेवली आहे. तरीही दृश्याची मांडणी, त्यातली ती शेताची शांतता आणि फुले, हे सगळे एकाच बाजूला झुकते. कुत्र्याच्या प्रसंगात ज्यांनी आपल्याला काही न देण्याचे धैर्य दाखवले, त्यांनीच शेवटी हवे ते देऊन टाकले. यामागे पुढच्या पर्वाची ओढ असावी, पण ते पर्व आलेच नाही. मार्च २०२० मध्ये, पहिले पर्व येऊन तीन महिने होतात न होतात तोच, मालिका बंद झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे अनेक धागे लोंबकळत राहिले आहेत आणि नव्याने पाहणाऱ्याने ते मनाशी धरूनच सुरुवात करावी.

पहिला भाग मी एका दुपारी आत्यालाही दाखवला. इंग्रजी अक्षरे तिला भरभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. वादळ, प्रवचन, लोकांचे रडणे हे तिने पाय उशीवर ठेवून शांतपणे पाहिले. दोन हजार माणसे वाळवंटात चालू लागली तेव्हा मात्र तिने मला थांबवले आणि विचारले, “अवं, एवढ्या लोकाईले पाणी कोण पाजत असन?” मी चित्र थांबवले, तो प्रसंग मागे नेला, आणि आम्ही दोघींनी तो पहिल्यापासून पुन्हा पाहिला.